यूनियाचा पाय

कारुहेंबे, १२ फेब्रुवारी १९९८

अब्वोली,

आधी 'केझिया' लिहिलं होतं, मग खोडलं. माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे आपल्यात दारातूनच भांडण काढणं, आणि मला आज भांडायचं नाही. म्हणून लाडाचं नाव लिहिलं. नऊ वर्षांनी हे नाव घेताना शाई सांडली, ते तुला डागावरून दिसेलच.

मी यूनिया. तुझी सवत. अक्षर ओळखणार नाहीस, कारण तू इथे होतीस तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. आपला नवरा रुसोके गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून चर्चच्या बायकांच्या वर्गात जाऊन बसले. आता बायबल वाचते आणि चहाच्या कारखान्याच्या नोटिसा वाचते. दोन्हीकडे धमक्याच असतात.

तू कंपालात मोठ्या इस्पितळात चादरी शिवतेस असं कळलं. काम आहे म्हणूनच लिहितेय. आमच्या शेजारी एक बाई राहते. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. माझ्याच वयाची आहे, चौसष्टची. तिचा उजवा पाय दुखतो. घरून निघाली की कारखान्याच्या फाटकापर्यंत ठीक. तिथे पोचली की पोटरी कुणीतरी धुणं पिळावं तशी पिळतं. उभी राहिली की जातं. पुन्हा चालली की पुन्हा येतं. दवाखान्यातल्या माणसाने दोन वर्षं सांध्याच्या गोळ्या दिल्या. त्याने पोट बिघडलं, पाय तसाच. लोक म्हणतात वय झालं. पण डावा पायही तेवढ्याच वयाचा आहे, तो का दुखत नाही?

तुझ्या ओळखीत कुणी शहाणं माणूस असेल तर विचार. शेजारीण आभारी राहील.

यूनिया

ता.क. मुलगी कशी आहे? नको सांगायचं तर नको सांगू.


कंपाला, ३ मार्च १९९८

आकीकी,

पत्र मिळालं. तुम्ही माझं लाडाचं नाव लिहिलंत, म्हणून मीही तुमचं लिहिलं. दोनदा वाचलं. तुम्ही लिहायला शिकलात याचा आनंद झाला, हे खरं आहे म्हणून लिहितेय. बाकीचं काय वाटलं ते आत्ता लिहीत नाही.

सर्जिकल वॉर्डात सिस्टर नाकिबूका म्हणून आहेत. त्यांच्या मुलीचा गणवेश मी शिवते, म्हणून माझं ऐकून घेतात. त्यांनी हे प्रश्न दिलेत. शेजारणीला विचारा. दुखणं गुडघ्यात आहे की पोटरीच्या मांसात? उभं राहिल्यावर किती वेळात थांबतं? तो पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? नडगीवरची लव गेली आहे का? रात्री आडवं झाल्यावर पाऊल दुखतं का, आणि पाय खाटेखाली सोडला की बरं वाटतं का? पायावर कुठे जखम आहे का? बाई तंबाखू ओढते का?

शेवटचा प्रश्न सिस्टरनी दोनदा विचारला.

अत्योकी बरी आहे. वीस वर्षांची झाली. शिक्षिकेचं शिक्षण घेतेय. उंच झाली आहे, वडिलांसारखी.

केझिया


कारुहेंबे, २२ मार्च १९९८

अब्वोली,

उंच झाली! आपल्या खांद्याला जेमतेम लागायची.

शेजारणीला विचारलं. दुखणं मांसात आहे, गुडघा शाबूत. उभी राहिली की एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणून होईपर्यंत थांबतं. पाय गार आहे, नदीतल्या दगडासारखा. लवेचं तिने कधी पाहिलंच नव्हतं. काल उन्हात बसून पाहिलं, तर खरंच, डाव्यावर आहे आणि उजवा अगदी बिशपच्या टकलासारखा. रात्री पाऊल जळजळतं, म्हणून ती खुर्चीत बसून झोपते.

चिलीम ओढते. अगं, या वयात बाईला दुसरं काय राहिलंय? नवरा नाही, मूल नाही, दात चार. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून एक चिलीम. कधी दोन. तुझ्या सिस्टरला सांग की पाय खाली आणि चिलीम वर, त्यांची गाठ कधी पडत नाही.

जखम नाही.

यूनिया


कंपाला, ९ एप्रिल १९९८

आकीकी,

सिस्टरनी तुमचं पत्र थेट डॉक्टरांना वाचून दाखवलं. डॉक्टर अपोलोट म्हणून आहेत, पूर्वेकडच्या तेसो भागातल्या, दारातून वाकून यावं लागतं एवढ्या उंच. बिशपच्या टकलावर त्या हसल्या आणि मग लगेच गंभीर झाल्या.

हे सांध्यांचं नाही, वयाचंही नाही. पायाला रक्त नेणारी नळी आतून गाळाने अरुंद झाली आहे. बसलेल्या पायाला थोडं रक्त पुरतं. चालणाऱ्या पायाला जास्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून मांस ओरडतं. थांबलं की पुरतं. आता रात्री आडवं असतानाही दुखतंय, म्हणजे बसल्या पायालाही पुरेनासं झालं आहे. डॉक्टर म्हणाल्या, "वाट पाहू नका, बाईला इकडे आणा."

आणि पाय व चिलीम यांची गाठ पडते. धूर रक्तात जातो आणि नळ्या आवळतो. चिलीम आज बंद. उद्या नाही, आज.

आणखी एक. कुणालाही त्या पायावर कापू देऊ नका, राख, पाला काही चोळू देऊ नका. रक्त नसलेल्या पायाची जखम भरत नाही. हे डॉक्टरांनी मला बोट दाखवून सांगितलं, मी तुम्हाला तसंच बोट दाखवून सांगतेय. म्हणजे शेजारणीला.

केझिया


कारुहेंबे, २ मे १९९८

अब्वोली,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी नदीपलीकडच्या वैद्याकडे जाऊन आले होते. तो म्हणाला, कुणीतरी वाटेत काही पुरलंय, तू ते ओलांडलंस. घोट्याभोवती पात्याने सात चिरा दिल्या आणि काळी राख भरली. तीन चिरा अजून उघड्या आहेत. करंगळी काळी पडलीय. वास येतो. गावातल्या बायका भेटायला येतात आणि दाराशीच बसतात. 

शेजारीण वगैरे कुणी नाही. मीच आहे.

खोटं का लिहिलं सांगते. ज्या बाईला मी भरल्या लोकांत रुसोकेच्या पार्थिवाजवळच्या चटईवरून उठवलं, "माझी वर्षं खाल्लीस, आता दुःख तरी माझं एकटीचं राहू दे" असं म्हटलं, तिच्यापुढे कोणत्या तोंडाने पाय पुढे करू? शेजारणीसाठी मागणं सोपं वाटलं.

दवाखान्यातला माणूस म्हणतो, गुडघ्यावरून कापावा लागेल. मी म्हटलं, मग राहू दे. केळीच्या बागेत एका पायावर उड्या मारत फिरायचं मला जमणार नाही. खरं काय ते सांगून टाकलं, आता मन हलकं आहे. तू फक्त अत्योकीला माझा आशीर्वाद सांग. ती माझ्या पाठीवर झोपायची तेव्हा मानेवर लाळ गळायची. ती जागा अजून मला माहीत आहे.

यूनिया


कंपाला, ५ मे १९९८

आकीकी,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय, उद्या पोचेल. मी शनिवारी येते.

पहिल्या पत्रापासून मला माहीत होतं. कारुहेंब्यात तुमच्या शेजारी घरच नाही; एका बाजूला केळी आणि एका बाजूला दरी. दरीत कोण राहतं? मला वाटलं, मानी बाई आहे, तिच्या चालीने येऊ द्यावं. तिथे मी चुकले. मार्चमध्येच यायला हवं होतं.

डॉक्टर अपोलोट म्हणाल्या, आशा सोडायच्या आधी त्यांना पाहू दे. जखमेवर उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ फडकं, दुसरं काही नाही. पाय शेकू नका, तुम्हाला चटका कळणार नाही. दोन कपडे बांधून ठेवा. "येणार नाही" हे वाक्य शनिवारी ऐकायला मला वेळ नसेल. बस परत दुपारी सुटते.

अब्वोली


कारुहेंबे, १९ जुलै १९९८

माझी अब्वोली,

पोचले. ड्रायव्हरने मला पुढच्या सीटवर बसवलं आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर "आमच्या म्हातारीचा पाय सांभाळा हो" असा पुकारा केला. सगळ्या बसला माझा पाय तोंडपाठ झाला.

दोन महिने तू रोज सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर माझ्या खाटेशी होतीस, पण मी तुझ्याशी नीट बोललेच नाही. मला समोरासमोर बोलता येत नाही, हे आपल्या दोघींना माहीत आहे. कागदावर येतं असं दिसतंय. म्हणून आत काय झालं ते लिहिते, कारण ते तू पाहिलं नाहीस.

कमरेत सुई दिली आणि खालचं अर्धं शरीर दुसऱ्या कुणाचं तरी झालं. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर अपोलोट आणि तो बुटका डॉक्टर. मी जागी होते. ते फुटबॉलचं बोलत होते! मी म्हटलं, "बाळांनो, माझ्या पायाकडे लक्ष आहे ना?" तर बुटका म्हणतो, "आजी, हात कामावर आहेत, तोंड रिकामंच आहे." नंतर ते गप्प झाले. तेव्हा मला भीती वाटली, आणि वाटलं, बोला रे फुटबॉलचं.

डॉक्टरीणबाईंनी आधीच चित्र काढून सांगितलं होतं, की मांडीतली माझीच एक शीर काढून तुंबलेल्या जागेला वळसा घालून जोडायची. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांनी एक छोटं यंत्र आणलं, पेनाएवढं, आणि माझ्या पावलावर टेकवलं. मे महिन्यात पहिल्यांदा टेकवलं होतं तेव्हा, आठवतं ना, नुसती खरखर. तेव्हा त्यांनी दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून मोजलं होतं आणि म्हणाल्या होत्या, हातात जेवढा जोर आहे त्याच्या निम्माही पायात नाही. या वेळी त्यांनी आवाज मोठा केला. फुस्स, फुस्स, फुस्स. कुणीतरी पलीकडे ताक घुसळतंय तसं. त्या म्हणाल्या, "यूनिया, हे तुमचं रक्त." पडद्यावरून त्यांचा चेहरा दिसला, घाम आला होता आणि हसत होत्या. मी रडले. रुसोकेला मातीत ठेवलं तेव्हाही मी रडले नव्हते, तेव्हा रागावले होते फक्त.

करंगळी गेली. तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. चौसष्ट वर्षं तिने काम केलं, बाकीच्या नऊ जणी आहेत.

आता चटईचं. ती चटई आपल्या दोघींची होती. हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू माझी वर्षं खाल्ली नाहीस. मला मूल झालं नाही, यात तुझा काय गुन्हा? उलट जे लेकरू मला मिळालं, ते तूच दिलंस, आणि मी तुम्हा दोघींनाही घराबाहेर काढलं. माझ्या चुकीबद्दल तू मला काही मागितलं नाहीस. पायाबद्दलही नाही. माझ्याकडे आभार आहेत, तेवढे घे. खूप आहेत. संपत नाहीत.

आकीकी


कंपाला, १० ऑगस्ट १९९८

आकीकी,

तुम्ही आतलं सांगितलंत, आता बाहेरचं ऐका.

सकाळी आठ ते दुपारी दीड. अत्योकी कॉलेज बुडवून आली होती. बाकावर आम्ही दोघी. तिने विचारलं, "आई, तू हिच्यासाठी एवढं का करतेस? लहानपणी रडत रडत तूच सांगायचीस ना, हिने आपल्याला हाकललं?" तिला ते तेवढंच माहीत होतं. माझीच चूक. मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

मग उरलेली सांगितली. "तू झालीस तेव्हा मला ताप चढला, सहा आठवडे शुद्ध नव्हती, अंगात दूध नव्हतं. तुझ्या या थोरल्या आईने तुला पाठीवर बांधलं आणि टेकडी उतरून मिशनपर्यंत रोज दुधासाठी चालत गेली. जाऊन येऊन सात मैल. रोज. तुझ्या जन्माने घरातल्या सगळ्यांची जिच्याकडे बघायची नजर बदलली होती, तिने." अत्योकीने शस्त्रक्रियेच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "याच पायांनी?" मी म्हटलं, याच.

म्हणून तुम्ही आभाराचं लिहिलंत त्यावर एवढंच सांगते. माझ्याकडे तुमचे आभार त्याहून जुने आहेत. मी ते वीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. त्या चटईचं मी विसरले नाही, विसरले असं लिहिलं तर खोटं होईल. पण ते आता टोचत नाही. एवढंच खरं लिहिता येतं.

आणखी एक कबुली. शस्त्रक्रियेच्या कागदावर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. कारकून म्हणाला, जवळचं रक्ताचं माणूस हवं. मी 'बहीण' लिहिलं. तो आपल्या दोघींच्या माहेरच्या वेगवेगळ्या आडनावांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुमचे वडील फार हिंडलेले दिसतात." मी म्हटलं, "हो ना."

आता कामाचं. रोज चालताय का? डॉक्टर अपोलोट म्हणाल्या ते विसरू नका. दुखेपर्यंत चालायचं, सहन होईना की थांबायचं, गेलं की पुन्हा चालायचं, रोज अर्धा तास. नवी शीर एकटी पुरणार नाही, चालण्यानेच बाजूच्या बारीक नळ्या मोठ्या होतात. रक्त पातळ ठेवायची छोटी गोळी जेवणानंतर. रोज दोन्ही पावलं उजेडात बघायची, अनवाणी फिरायचं नाही. आणि चिलीम?

अब्वोली


कारुहेंबे, ४ ऑक्टोबर १९९८

अब्वोली,

चिलीम एकदा ओढली. ऑगस्टमध्ये, पाऊस लागला होता तेव्हा. दोन झुरके. मग डॉक्टरीणबाईंचा तो घामेजलेला चेहरा आठवला आणि एवढी लाज वाटली की चिलीम दरीत फेकून दिली. आता संध्याकाळी भुईमुगाच्या शेंगा खाते. वजन वाढतंय. तू रागावणार असशील तर एकाच गोष्टीवर रागाव.

चालते. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंतही पोचले नाही. कारखान्याचा पहारेकरी रोज विचारायचा, "आजी, कुठे निघालात?" मी म्हणायचे, "इथेच." आजी रोज कुठेही जात नाही, नुसती चालून परत येते, असं त्याने गावभर केलं. कुणी म्हणालं, कंपालाला जाऊन डोकं फिरलं. पाद्रींनी प्रवचनात माझं उदाहरण दिलं, ते मला अजून समजलेलं नाही. पण आता दोन बायका माझ्याबरोबर चालतात. काही दुखत नाही त्यांचं, गप्पांना येतात. त्या आता दाराशी बसत नाहीत, चुलीपाशी येऊन बसतात. काल चर्चपर्यंत गेले, वाटेत दोनदा थांबून. जखमा भरल्या. पाऊल ऊबदार आहे. रात्री खाटेवर झोपते, पाय वर घेऊन, सगळ्या माणसांसारखी.

देवाचे आभार मानते, मग डॉक्टरीणबाईंचे, मग सिस्टरचे, मग त्या बुटक्याचे, मग तुझे आणि अत्योकीचे. एवढं होईपर्यंत झोप लागते, म्हणून हल्ली तुझ्यापासून सुरुवात करते.

नाताळला दोघी या. नाचणी दळून ठेवते, घेवडा सोलून ठेवते. घर तुझंही आहे. हे मी विचारून लिहिलेलं नाही, सांगून लिहिलंय.

आकीकी


कंपाला, ९ जानेवारी १९९९

आकीकी,

आम्ही सुखरूप पोचलो. केळीचा घड वाटेत पिकला, अर्धा ड्रायव्हरने खाल्ला.

तिथे असताना बोलायचं राहून गेलं ते लिहिते. आम्ही येणार त्या दिवशी वाटलं होतं, उतरल्यावर सामान डोक्यावर घेऊन तुमच्या दारापर्यंत चढून जावं लागेल, तुम्ही उंबऱ्यावर बसलेल्या असाल. बस वळणावर आली आणि अत्योकी म्हणाली, "आई, रस्त्यावर ती कोण?" अंगात निळी पायघोळ गोमेसी, डोक्याला फडकं, कमरेवर हात. मी म्हटलं, तिकडचीच कुणी बाई असेल. घरापासून रस्ता अडीच मैल आहे. तुम्ही असाल असं माझ्या मनातही आलं नाही.

बस थांबली आणि तुम्ही ओरडलात, "उशीर! मी केव्हाची उभी आहे!"

उभी. सात महिन्यांपूर्वी त्याच रस्त्यापर्यंत तुम्हाला चार माणसांनी खाटेवर घालून आणलं होतं आणि मी बाजूने चालताना फडक्यात नाक लपवत होते, तुम्हाला दिसू नये म्हणून. तुम्ही माझी पिशवी ओढून घेतलीत, मी सोडेना, आणि रस्त्यावर आपली ओढाताण चालली. अत्योकी मध्ये आली. तुम्ही तिच्याकडे वर पाहिलंत, मान पूर्ण मागे टाकून, आणि म्हणालात, "आता तुला पाठीवर घेता येणार नाही ग." ती म्हणाली, "मग हात धरा."

चढावर तुम्ही पुढे, ती तुमच्या हाताला, मी मागे. नऊ-दहा वर्षं शिवणयंत्रापुढे बसून माझे पाय मऊ झालेत. अर्ध्या वाटेवर दम लागला आणि मी म्हटलं, आकीकी, थांबा जरा. तुम्ही थांबलात. वळलात. मला वाटलं आता टोमणा मारणार. पण तुम्ही खाली आलात आणि माझ्या शेजारी उभ्या राहिलात, माझा श्वास जागेवर येईपर्यंत. खाली चहाचे मळे होते, वर उंच डोंगरमाथ्यावरचा, एरवी ढगांत असणारा बर्फ मोकळा दिसत होता, आणि आपण तिघी वाटेत नुसत्या उभ्या होतो.

मग तुम्ही विचारलंत, "निघायचं?" आणि आपण निघालो.

तुमची,
अब्वोली